‘दूध वगळून’: वीगन वादामागची गोष्ट

गळ्यात माळ पडली की वशाट सुटते, दूध सुटत नाही. वारकरी घरात हे कुणी वेगळे समजावून सांगत नाही. उपासाच्या दिवशी तर दूध-दह्याला जास्तच मान. अहिंसेच्या जुन्या परंपरा इतक्या बारकाईच्या, की काहींनी कंदमुळेही वर्ज्य केली; पण गोठ्याच्या दारात त्या बहुतेक थांबल्या.

इंग्लंडमध्ये 1944 साली फूट पडली तीही दुधावरूनच. तिथल्या जुन्या शाकाहारी संस्थेने आपल्या मासिकात दूध न घेणाऱ्यांना स्वतंत्र जागा नाकारली, म्हणून मूठभर सभासदांनी वेगळी चूल मांडली आणि ‘व्हेजिटेरियन’ची पहिली तीन व शेवटची दोन इंग्रजी अक्षरे जोडून ‘वीगन’, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीच न घेणारा, हा शब्द घडवला. आपल्याकडे हा विचार त्याआधीच येऊन गेला होता. कलकत्त्याच्या गोठ्यांत जास्त दूध काढण्यासाठी गाई-म्हशींवर होणारा ‘फुंका’ नावाचा अत्याचार वाचून गांधीजींनी दूध सोडण्याचे व्रत दक्षिण आफ्रिकेत घेतले, आणि 1918 च्या आजारपणानंतर मुंबईत ते बकरीच्या दुधावर निभावले. ही तडजोड सर्वांना ठाऊक आहे. व्रतामागचे कारण फारसे कुणी सांगत नाही. 1960 च्या कायद्यातही फुंका गुन्हाच ठरला. दूध मात्र प्रश्नाबाहेरच राहिले.

दूध शाकाहारी की प्राणिजन्य, या आजच्या गोंधळाचे मूळ या इतिहासापेक्षा वेष्टनावरच्या ठिपक्यात अधिक आहे. हिरवा आणि तपकिरी ठिपका 2001 च्या सुमारास आला तेव्हा मांसाहारी पदार्थाची व्याख्या करावी लागली. तिच्यात प्राणी, पक्षी, मासे, अंडी आणि प्राण्यांपासून मिळणारे सगळे काही आले, ‘दूध व दुग्धजन्य पदार्थ वगळून’. पुढच्या नियमांत या वगळण्याच्या यादीत मध, मेण आणि लाखही आली. म्हणजे दूध प्राणिजन्य आहे हे सरकारला मान्य होते, नाहीतर वगळायची गरजच काय? वीगन मंडळींचा सगळा युक्तिवाद या एका अपवादात बसतो. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, निम्मी वासरे नर, आणि ट्रॅक्टर आल्यावर त्यांना काम नाही. भाकड जनावराला बाजार दाखवला जातो. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाय वाचवली, 2015 मध्ये बैल आणि वळू त्यात आले, म्हैसवर्ग बाहेर राहिला. टोणग्याचे काय होते, हे म्हशीचे दूध पिणारे सहसा विचारत नाहीत.

खरी ठिणगी मात्र नावावरून पडली. 2021 मध्ये एका मोठ्या दूध ब्रँडने ‘वनस्पतिजन्य पेय म्हणजे दूध नव्हे’ अशी जाहिरात दिली. पुण्यातल्या एका संस्थेसह तिघांच्या तक्रारी जाहिरात नियामकाने फेटाळल्या. सप्टेंबरमध्ये अन्न नियामकाने ऑनलाइन दुकानांना सांगितले, की सोया, बदाम, ओट यांच्या पेयांवर ‘दूध’ लिहिले असेल तर ती काढून टाका. नारळाचे दूध आणि शेंगदाण्याचे बटर यांना सूट, कारण ती नावे परंपरेने रुळलेली! युरोपच्या न्यायालयाने 2017 मध्ये असाच निकाल दिला होता, तिथेही नारळाला सवलत होती.

परंपराच बघायची तर मराठीत रुईच्या पानातून दूध निघते, हुरड्याआधी ज्वारीच्या दाण्यात दूध भरते. त्यामुळे ‘दूध’ या नावाने ग्राहकाची फसवणूक होते हे दूध संघांचे कारण मला तरी लंगडे वाटते. त्यांचे दुसरे म्हणणे जास्त वजनदार होते. दुधावर जगणाऱ्या दहा कोटी शेतकऱ्यांना, त्यांतल्या भूमिहीनांना, पर्याय कोण देणार? पण लिटरला पाच रुपये वाढवून मिळावेत म्हणून 2018 च्या जुलैत याच राज्यात शेतकऱ्यांनी दूध रस्त्यावर ओतले होते, तेव्हा बदामाचे पेय कुणाच्या खिजगणतीतही नव्हते.

पेय उत्पादक दिल्ली उच्च न्यायालयात गेले. दरम्यान 2022 मध्ये वीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम आणि हिरवे पानवाले चिन्ह आले. प्राण्यांवर चाचणी केलेला पदार्थही त्यात बसत नाही. ‘वगळून’ हा शब्द इथे दुधाच्या मदतीला येत नाही. मधाच्या बाटलीवर हिरवा ठिपका चालतो, हे चिन्ह चालत नाही.