तारण स्वीकारणं म्हणजे तारण कमावणं नव्हे

तारण म्हणजे पापातून सुटका; ती कोणाला मिळणार हे देवच ठरवतो, असं सुधारक जॉन कॅल्विनच्या मागे जाणारे ख्रिस्ती, म्हणजे कॅल्विनवादी, मानतात. त्यांचे पाच मुद्दे इथे मोजत बसत नाही. माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच ठिकाणी. ‘तारण नम्रपणे स्वीकारावं लागतं’ म्हटलं रे म्हटलं की कोणीतरी ‘हा तर पेलागियस!’ म्हणतोच.

पेलागियस इथे नाहीच. देवाच्या आज्ञा पाळायला माणसाची स्वतःची ताकद पुरते, ही या जुन्या ख्रिस्ती शिक्षकाची शिकवण ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने फेटाळली. ‘स्वीकारावं लागतं’ म्हणणारी आमची बाजू डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसची. त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमं मांडली, त्यातलं तिसरं वाचा: देवाने नवा जन्म दिल्याशिवाय माणसाला खरं चांगलं काही इच्छितासुद्धा येत नाही.

मग भांडण कशाचं? ‘स्वीकारायचं की नाही’ याचं मुळीच नाही. ‘विश्वास ठेवा’ असा उपदेश कॅल्विनवादीही करतातच. प्रश्न आहे, देवाने दिलेली कृपा माणूस झिडकारू शकतो का? कॅल्विनवाद्यांच्या डॉर्ट इथल्या धर्मसभेने (नेदरलँड्स, १६१८–१९) सांगितलं की विश्वास हे दान खरं, पण ‘समोर ठेवलंय, हवं तर घ्या’ अशा अर्थाने नव्हे. देव तो माणसाच्या आत घालतो. आर्मिनियन म्हणतात, कृपा आधी येते, जागं करते, तरी माणूस पाठ फिरवू शकतो. बायबलमध्ये पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याने यहुदी न्यायसभेला सुनावलं तेच: तुम्ही पवित्र आत्म्याला नेहमी विरोध करता.

यावर कॅल्विनवाद्यांचा एक प्रश्न खरोखर बोचतो. एकच उपदेश ऐकून एक नमला, दुसरा ताठच राहिला. मग नमण्याचं श्रेय पहिल्याचंच ना? मला नाही पटत. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात दोघे प्रार्थना करतात. परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, आपल्या उपवास आणि दशमांशाची यादी वाचतो. पापी समजला जाणारा जकातदार दूर उभा राहून ऊर बडवतो, वर बघायचीही त्याची हिंमत होत नाही. यात बढाई मारण्यासारखं काय आहे? रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल तर मजुरी आणि विश्वास एकमेकांसमोरच उभे करतो. एक का नमला नि दुसरा का नाही, याचा पुरता उलगडा होत नाही, कबूल. पण म्हणून हात पसरण्याला मजुरी म्हणू नका.

आणि विश्वासही देवाचंच दान, हे दाखवायला इफिसकरांस पत्रातलं २:८ तोंडावर फेकणं आता पुरे. ‘हे देवाचे दान आहे’ यातलं ‘हे’ मूळ ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी आहे आणि ‘विश्वास’ हा शब्द स्त्रीलिंगी. खुद्द कॅल्विनने त्या ओळीवरच्या भाष्यात लिहिलंय की पौल इथे दान म्हणतो ते विश्वासाला नव्हे, तारणाला.