सेट टॉप बॉक्समधलं रेकॉर्डिंग डीव्हीडीवर नेताना नेमकं काय होतं

आत्याच्या भजनी मंडळाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम टीव्हीवर लागला होता, तो मी फ्री डिशच्या बॉक्सला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड केला. गावी आत्याकडे जुना डीव्हीडी प्लेअर आहे आणि तो अजून छान चालतो, म्हणून म्हटलं डीव्हीडीच करून देऊ. पेनड्राइव्हमधली .टीएस फाइल (प्रसारण जसं येतं तसंच साठवलेली) तशीच कोऱ्या डिस्कवर टाकली, प्लेअरने ओळखलीच नाही. मग मिळेल त्या कन्व्हर्टरमधून काढली, तर चित्र पुसट झालं आणि शेवटी शेवटी तर अभंग आधी ऐकू येतोय आणि आत्याचे ओठ नंतर हलतायत. असं का होतं ते शोधत गेलो आणि त्यातलं विज्ञान मला इतकं आवडलं की लिहावंसंच वाटलं.

मुख्य गोष्ट अशी की फ्री डिशवरचे बरेच चॅनल एमपेग-2 मधे, म्हणजे चित्र दाबून लहान करायच्या एका पद्धतीत येतात, आणि डीव्हीडीलाही एमपेग-2 च लागतं. म्हणजे माल तोच आहे, बांधणी वेगळी आहे. प्रसारणात हा माल 188 बाइट्सच्या छोट्या छोट्या पुड्यांमधे बांधतात, प्रत्येक पुडीचा पहिला बाइट ठरलेला असतो, त्यामुळे तुम्ही मधेच चॅनल लावलात तरी पुडी कुठे सुरू होते ते बॉक्सला कळतं. वाटेत पाऊस, ढग, हललेली डिश असं काहीही येऊ शकतं, म्हणून प्रत्येक पुडीसोबत 16 जादा बाइट्स पाठवतात आणि त्यांच्या जोरावर 8 बाइट्सपर्यंतची चूक बॉक्स स्वतःच दुरुस्त करतो. डिस्कवर पाऊस पडत नाही, तिथे माल 2048 बाइट्सच्या मोठ्या गठ्ठ्यांमधे असतो, बरोबर डिस्कच्या एका सेक्टरएवढा, म्हणजे डिस्कवरच्या एका कप्प्याएवढा. त्यामुळे पुड्या सोडून गठ्ठे बांधायचे एवढंच काम आहे, चित्राला हात लावायची गरजच नाही. कन्व्हर्टर मात्र सगळं चित्र उलगडून पुन्हा दाबतो, आणि एमपेगमधे दाबणं म्हणजे बारीक तपशील टाकून देणं, त्यामुळे दुसऱ्यांदा दाबलं की साडीचे काठ, टाळांची चमक असलं सगळं गेलंच समजा.

आता आवाज पुढे का पळतो ते. फाइलमधे चित्र आणि आवाज वेगवेगळे असतात, आणि दोघांवर वेळेचे शिक्के मारलेले असतात, सेकंदाला 90,000 टिकटिक करणाऱ्या घड्याळाचे. चित्राची एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची आणि आवाजाचा एक तुकडा 24 मिलिसेकंदांचा. समजा पावसात आवाजाचे 10 तुकडे गेले. टीव्हीवर बघताना शिक्के बघून बॉक्स सावरून घेतो, क्षणभर शांतता आणि पुन्हा सगळं जागेवर. पण सॉफ्टवेअरने शिक्के फेकून उरलेले तुकडे एकामागे एक चिकटवले तर तिथून पुढे आवाज 240 मिलिसेकंद म्हणजे पाव सेकंद पुढे गेलाच, आणि परत कुठे गळती झाली की अजून पुढे. प्रोजेक्ट एक्स नावाचं एक जुनं, फुकट, जावावर चालणारं सॉफ्टवेअर आहे ते शिक्के वाचतं आणि जिथे तुकडे हरवलेत तिथे भर घालून लांबी जुळवतं. माझं काम त्यानेच झालं, मनापासून सांगतो.

जाहिराती कापताना वाटेल तिथे कापता येत नाही. पूर्ण चित्र असलेली फ्रेम साधारण अर्ध्या सेकंदाने एकदा येते, मधल्या फ्रेम्समधे फक्त काय बदललं तेवढंच असतं, म्हणून काप त्या पूर्ण फ्रेमवरच घ्यायचा.

मग डीव्हीडीऑथर किंवा डीव्हीडी स्टायलर या सॉफ्टवेअरने व्हिडिओ_टीएस फोल्डर बनवायचा, प्लेअर तोच शोधत असतो. एक अडचण इथे येते. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत डीव्हीडीला चित्राची रुंदी 720, 704 किंवा 352 ठिपके (पिक्सेल) चालते, काही चॅनल मात्र 544 पाठवतात, ते पुन्हा एन्कोड करावंच, म्हणजे उलगडून परत दाबावंच लागतं, एचडी किंवा एमपेग-4 चॅनलचंही तसंच. पेड डीटीएचचं रेकॉर्डिंग बऱ्याचदा लॉक असतं, त्याचा नाद सोडा. जागेचं म्हणाल तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला 3.7 मेगाबिट धरले तर तासाला साधारण 1.67 जीबी होतात, म्हणजे 4.7 जीबीच्या डिस्कवर पावणेतीन तास आरामात बसतात.

बर्न करताना डीव्हीडी-आर घेतली, स्पीड कमी ठेवला आणि डिस्क फायनलाइज केली, म्हणजे लिहिणं पूर्ण करून बंद केली, कारण तसं केलं नाही तर जुने प्लेअर ती घेतच नाहीत. आत्याने डिस्क लावली, पहिल्या अभंगाला टाळ वाजला आणि त्याच क्षणी पडद्यावर तिचे हात एकत्र आले. मूळ .टीएस फाइल मी अजून पुसलेली नाही, मंडळातल्या बाकीच्यांनाही कॉपी हव्यात.