लेट रजिस्ट्रेशन

अमेरिकी रॅपर आणि संगीतनिर्माता कान्ये वेस्ट याचा दुसरा स्टुडिओ अल्बम. रॉक-अ-फेला आणि डेफ जॅम या कंपन्यांनी तो ३० ऑगस्ट २००५ रोजी प्रकाशित केला. २००६ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा पुरस्कार मिळाला. जुन्या ध्वनिमुद्रणांतले तुकडे आणि स्टुडिओत प्रत्यक्ष वाजवलेली वाद्ये यांची सांगड हे या अल्बमचे खरे वैशिष्ट्य.

जुन्या मुद्रणातला एखादा तुकडा उचलायचा, त्याची लय किंवा पट्टी बदलायची आणि तो पुन्हापुन्हा वाजवत त्यावर नवे गाणे उभे करायचे, याला सॅम्पलिंग म्हणतात. शिकागोत वाढलेल्या वेस्टचे नाव आधी निर्माता म्हणून झाले, ते याच कामात. सोल (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची भावपूर्ण गायनशैली) गाण्यांची गती वाढवून गायकाचा आवाज बारीक, चिरका करण्याची त्याची पद्धत ‘चिपमंक सोल’ या नावाने ओळखली जाई. ‘द कॉलेज ड्रॉपआउट’ (२००४) हा पहिला अल्बम मुख्यतः तिच्यावरच उभा होता.

दुसऱ्या अल्बमसाठी वेस्टने जॉन ब्रायनला सहनिर्माता म्हणून घेतले. चित्रपटांचे पार्श्वसंगीत आणि गायिका फिओना ॲपलचे अल्बम ही ब्रायनची ओळख. रॅपशी त्याचा संबंध नव्हता. हिंदी चित्रपटसंगीतात संगीतकारासोबत कोणती वाद्ये कुठे वाजतील हे ठरवण्याचे जे काम संयोजक करी, साधारण तेच त्याच्या वाट्याला आले. ‘गॉन’ या गाण्यात सोल गायक ओटिस रेडिंगच्या ‘इट्स टू लेट’चा तुकडा पियानोसह फिरत राहतो आणि तंतुवाद्ये हळूहळू त्याच्याभोवती गोळा होतात. रॅप थांबते तिथे ती एकटीच पुढे जातात. सॅम्पल आणि वाद्यवृंद यांचा इतका मोकळा संवाद अल्बममध्ये दुसरीकडे क्वचितच सापडतो.

सर्वाधिक गाजले ते ‘गोल्ड डिगर’. ते अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत १० आठवडे अग्रस्थानी होते. त्यात गायक रे चार्ल्सच्या १९५४ च्या ‘आय गॉट अ वुमन’चा तुकडा आहे. अडचणीच्या वेळी आपल्याला पैसे देणाऱ्या बाईचे मूळ गाण्यात कौतुक आहे. इथे सुरुवातीलाच अभिनेता-गायक जेमी फॉक्स चार्ल्सच्या ढंगात गातो, पण अर्थ उलटा करून: ही बाई पैसे घेते. (‘रे’ या चित्रपटात चार्ल्सची भूमिका करून फॉक्सने त्याच वर्षी ऑस्कर मिळवले होते.) पुढे वेस्ट पैशांवर डोळा असलेल्या बायकांबद्दल बोलत असताना खाली खुद्द चार्ल्सचा आवाज ‘ती मला पैसे देते’ असेच सांगत राहतो. गाण्यातली गंमत या भांडणात आहे. नुसता ठेका उचलला असता तर ती आली नसती.

‘डायमंड्स फ्रॉम सिएरा लिओन’मध्ये शर्ली बॅसीने गायलेले ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ हे बाँडपटाचे शीर्षकगीत येते. हिऱ्यांच्या चिरंतन झळाळीचे ते गाणे पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या यादवी युद्धाला पैसा पुरवणाऱ्या रक्तरंजित हिऱ्यांसमोर ठेवले आहे. रॅपर जे-झीचा सहभाग असलेल्या रीमिक्समध्ये हा विषय जास्त थेट येतो. ‘टच द स्काय’ हे जस्ट ब्लेझ या निर्मात्याने घडवलेले गाणे. वेस्टच्या सवयीच्या उलट त्यात सोल गायक कर्टिस मेफील्डच्या ‘मूव्ह ऑन अप’मधली ब्रास वाद्ये संथ केली आहेत. ‘ड्राइव्ह स्लो’त हँक क्रॉफर्डचा सॅक्सोफोन आहे आणि शेवटी गाणी संथ करून वाजवणाऱ्या ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूच्या धर्तीवर सगळे गाणेच मंदावते. अधूनमधून येणाऱ्या विनोदी नाटुकल्या मात्र दुसऱ्यांदा ऐकाव्याशा वाटत नाहीत.

अशा अल्बममध्ये प्रत्येक तुकड्याची परवानगी हा खर्चाचा आणि वादाचा विषय असतो. त्याच काळात अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने, मुद्रणातला अगदी छोटा अंशही परवान्याविना घेता येणार नाही, असा निकाल दिला होता. ‘गोल्ड डिगर’ही यातून सुटले नाही. थंडर अँड लाइटनिंग या जोडीच्या ‘बंपिन बस स्टॉप’मधील काही शब्द त्यात परवानगीविना वापरल्याचा दावा या जोडीपैकी एका गायकाच्या मुलांनी २०१३ मध्ये दाखल केला.