माजी सैनिकांची झोप: उशिरा कळलेली जखम

आमच्या लालबागच्या चाळीत एक निवृत्त हवालदार राहतात. सुरुंगस्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. रात्री ते ओरडले की काकू हात लावून उठवत नाहीत. दाराशी उभ्या राहून म्हणतात, "अहो, घरी आहात तुम्ही."

मुंबईला जायबंदी सैनिक नवे नाहीत. फोर्टमधलं वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी उघडलं. त्याआधी पहिल्या महायुद्धात त्या इमारतीत लष्करी रुग्णालय होतं. हातपाय गमावलेल्या जवानांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज संस्थाही १९१७ साली मुंबईतच सुरू झाली, पुढे खडकीला गेली. पोटापाण्याची सोय झाली, पण रात्रीवर इलाज नव्हता.

१९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्यांच्या माऱ्याने मनाला बसलेला धक्का, हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. 'पीटीएसडी', म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहून गेलेल्या आघाताचा आजार, हे निदान अमेरिकी मानसोपचाराच्या पुस्तिकेत यायला १९८० उजाडलं. त्यात दुःस्वप्नं आणि निद्रानाश होते, पण लक्षणं म्हणून. मूळ आजार बरा झाला की झोप आपोआप येईल, असा समज रुळला. तो समज फार महागात पडला, असं मला वाटतं. मनावरचे उपचार पुरे झाले तरी अनेकांची झोप बिघडलेलीच राहते. कापलेल्या पायाच्या जागी होणारी आग, डोक्याचा मार, झोपेत अडकणारा श्वास, पहाऱ्याची सवय, सगळं एकात एक गुंतलेलं असतं.

दुःस्वप्नांवर प्राझोसिन या गोळीकडून मोठी आशा होती. २०१८ साली ३०४ माजी सैनिकांवरच्या चाचणीत ती नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. निद्रानाशावर टिकलेला मार्ग औषधाविना आहे. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी सांगितलं: अंथरूण फक्त झोपेसाठी, झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जा, पेंग आली की परता. १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन यांनी अंथरुणातला वेळच मोजून कमी करण्याची रीत दिली. त्यातून घडलेल्या उपचाराला अमेरिकी फिजिशियन्सच्या संघटनेने २०१६ मध्ये पहिली पसंती दिली. मात्र डोक्याच्या जखमेनंतर फिट येत असेल तर झोप कमी करणं धोक्याचं असतं, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

आणि 'उठून दुसऱ्या खोलीत जा' हे चाळीतल्या एका खोलीत कसं जमायचं? काकांना तर आधी अंधारात कुबड्या शोधाव्या लागतात. त्यांच्या डॉक्टरीण बाईंनी त्यावर तोड काढली: खाटेला टेकून कुबड्या, गॅलरीत एक खुर्ची. तीच त्यांची दुसरी खोली.