जमिनीसाठी लग्न करावंच लागायचं का?

काउबॉयच्या काळातल्या श्रद्धाळू प्रेमकथा मी मनापासून वाचते. त्यातून एक समज वर्षानुवर्षं फिरत आलाय: अमेरिकेच्या पश्चिमेत एकट्या बाईला जमीन मिळतच नसे, म्हणून नायिकेला रँचवाल्याशी लग्न करणं भाग होतं.

समज उगाच झालेला नाही. तिथल्या जुन्या कायद्याने लग्न झालेल्या बाईची मिळकत बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या ताब्यात जाई. पण सरकारी पडीक जमिनीचा नियम वेगळा होता. 1862 च्या होमस्टेड कायद्यात, म्हणजे तिथे राहून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्यात, अट होती ती 21 वर्षं पूर्ण असण्याची, किंवा कुटुंबप्रमुख असण्याची. पुरुषच हवा, असं कुठेही नाही. त्यामुळे अविवाहित, विधवा, घटस्फोटित बाई स्वतःच्या नावावर 160 एकरांपर्यंत अर्ज करू शकत होती. उलट, नवऱ्यासोबत नांदणाऱ्या बाईला सहसा वेगळा अर्ज करता येत नसे, कारण कुटुंबप्रमुख नवरा धरला जाई. म्हणजे अर्जाआधी लग्न केलं, तर हक्कच जायचा!

जमीन कायमची नावावर व्हायला पाच वर्षं तिथे राहून, जमीन कसून, दोन साक्षीदार आणावे लागत. त्या जबान्यांत घर किती फुटांचं, खिडक्या किती, विहीर आहे का, किती एकर नांगरली, हे सगळं येतं. वाचताना ती बाई डोळ्यांसमोर उभी राहते.

पडताळायचं असेल तर कायद्याचा मूळ मजकूर छोटासाच आहे, तो वाचा. अमेरिकी सरकारच्या जुन्या जमीन-नोंदीही ऑनलाइन फुकट पाहता येतात. एखादा जिल्हा निवडा आणि बायकांची नावं शोधा.