फेवर ल्युबा मुंबईची कंपनी नव्हे

आपल्याकडे अनेक घरांत आजोबांचे ‘फेवर ल्युबा’ घड्याळ जपून ठेवलेले असते आणि ही मुळात मुंबईची कंपनी, पुढे टाटांनी चालवलेली, असे ठामपणे सांगितलेही जाते. हा समज चुकीचा आहे. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावी अब्राहम फाव्र (आपल्याकडच्या उच्चारात ‘फेवर’) हे घड्याळजी असल्याची नोंद 1737 सालची आहे. मात्र फाव्र आणि ल्युबा या दोन नावांची भागीदारी पुढच्या शतकाच्या आरंभीची असल्याने 1737 हे आजच्या अर्थाने कंपनीचे स्थापनावर्ष म्हणणे जरा सैलच ठरते.

गैरसमजाचे मूळ शोधणे कठीण नाही. याच घराण्यातील फ्रिट्झ फाव्र यांनी 1860च्या दशकात भारतातील व्यापाराला सुरुवात केली, मुंबईत पेढी उभी राहिली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ‘सी किंग’, ‘सी चीफ’ ही चावीची घड्याळे इथल्या मध्यमवर्गाच्या मनगटावर दिसू लागली. घड्याळे मात्र स्विसच होती. 1962 मध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारे ‘बिवॅक’ मनगटी घड्याळही याच कंपनीने काढले.

बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत घराण्याने 1980च्या दशकात कंपनी विकली. टाटा समूहातील टायटनने ती घेतली 2011 मध्ये, म्हणजे आजोबांच्या घड्याळानंतर कित्येक दशकांनी.

जुन्या बाजारात भडक नारिंगी वा निळ्या डायलचे ‘सी चीफ’ दिसले, तर तो रंग बहुधा नंतर इथेच चढवलेला असतो. तबकडीवरचा रंग पाहून आतल्या यंत्राचे मूळ ठरवू नये.