झोप आलीच नाही, की झोप टळून गेली?

रात्रीचे साडेनऊ, कूलर सुरू, आणि तीन वर्षांचं पोर अंथरुणावर कोलांट्या मारतंय. आजी म्हणते, "अजून झोप नाही त्याला, खेळू दे." आई म्हणते, "दमलंय ते, म्हणून असं करतंय." दंगा दोन्हीत सारखाच दिसतो, पण उपाय उलटे आहेत.

झोप न आलेलं मूल मजेत असतं. गप्पा मारतं, पाणी मागतं, पुन्हा शू लागली म्हणतं. फार दमलेलं मूल धावताना अडखळतं, डोळे चोळतं, वाटी दुसऱ्या रंगाची दिली म्हणून भोकाड पसरतं. जागरणाची हद्द ओलांडली की शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं. अंगात येतो तो उसना जोर.

तरी नुसत्या चेहऱ्यावरून फसायला होतं. मी तर आधी विचारेन, दुपारी किती वाजता उठलं?

खानदेशात उन्हाळ्यात हा हिशोब हमखास बिघडतो. पारा 45 अंशांकडे गेला की दारं-खिडक्या लावून अख्खं घर झोपतं, पोरही दोन-अडीच तास. रात्री घराच्या धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) किंवा गच्चीवर अंथरुणं, म्हणजे सकाळी सहा-साडेसहालाच ऊन तोंडावर. रात्रीची कापली गेलेली झोप दुपारी वसूल होते. मग संध्याकाळी पाचला उठलेलं लेकरू नऊला झोपेल कसं? दुपारी चारच्या आत उठवा, आणि सवय बसेपर्यंत रात्री अर्धा तास उशिरा निजवा. तोवर त्याच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही.

लग्नसराईत गाडी उलटी. हळद, वरात, डीजे, दुपारची झोप बुडालेली. अशा दिवशी नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास लवकर निजवावं. "खेळू द्या, दमून गाढ झोपेल" हा पाहुण्यांचा लाडका सल्ला इथे अंगाशी येतो. अति दमलेलं मूल रात्रीतून पुन्हापुन्हा जागं होऊ शकतं.

झोपेआधीचा क्रम मात्र दोन्ही रात्री तोच: कोमट पाण्याने अंघोळ, दात, शू, मंद दिवा, एक गोष्ट. ती आजीच्या अहिराणीत असेल तर फारच छान. मोबाईल तासभर आधी बंद, कारण झोप आणणारं मेलाटोनिन उजेडाने दबतं, आणि लहान मुलांत जास्तच.

3 ते 5 वर्षांच्या मुलाला दुपार धरून 10 ते 13 तास झोप लागते. तेवढी मिळूनही ते दिवसभर पेंगत असेल, किंवा रोज घोरत असेल, तर वेळा बदलत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.